पोर्ट नंबर २४

सप्टेंबर २०१७. कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज भरायचे दिवस होते. आमच्या केळापूर तालुक्यातल्या एका केंद्रावर (कुठल्या, ते सांगत नाही) सकाळी सातपासून लोक येऊन बसायचे. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत सातबारा, आठ-अ, पासबुक, आधार कार्ड. बाहेर पाऊस, आत ओल्या कपड्यांचा वास.

एक काका चौथ्यांदा आले होते, काकूंना घेऊन. पहिल्या दिवशी काकांचा अंगठाच जुळला नव्हता. कापूस वेचून, नांगर धरून बोटाच्या रेषा गेलेल्या असतात, यंत्राला त्या सापडत नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगठा जुळला, फॉर्म भरला आणि शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. तिसऱ्या दिवशी तेच.

"आज तरी चालू हाय का बापू तुमचं नेट?" काकांनी विचारलं.

"नेट चालू हाय काका. सर्व्हर डाउन हाय," ऑपरेटर म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं, आणि मलाही. मी तिथला नेटवर्कवाला. पॉलिटेक्निक करून एका ठेकेदाराकडे कामाला लागलेला. भिंतीवरच्या लोखंडी कपाटात चोवीस पोर्टचा स्विच होता आणि वायर लावलेल्या प्रत्येक पोर्टवर हिरवा दिवा होता. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, असं मी शिकलो होतो. पिंग मारून पाहिलं, उत्तर येत होतं. गूगल उघडत होतं, थोडं रखडत. म्हणजे बिघाड आपल्याकडे नाही, मुंबईत कुठेतरी असणार. असं ठरवून मी कपाट बंद केलं आणि चहाला गेलो.

बिघाड मुंबईत नव्हता. पोर्ट नंबर २४ च्या सेटिंगमधल्या दोन ओळींत होता, आणि त्या दोन ओळी तीन वर्षांपूर्वी मीच टाइप केल्या होत्या. त्या तशाच का टाइप करायच्या हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, त्यांना नागपुरात कुणीतरी, त्याला आणखी कुणीतरी. ही साखळी मागे मागे नेली तर १९९५ मध्ये पोचते. आणखी मागे गेलं तर पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर.

पण आधी आमचा पत्ता. केळापूर तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. कारण तालुक्याची कचेरी, कापसाचा बाजार, कॉलेज, सगळं पांढरकवड्यात. केळापूर हे गाव तिथून थोडं पुढे, आदिलाबादच्या वाटेवर, जगदंबेच्या देवळासाठी ओळखलं जाणारं. नाव एकाचं आणि कारभार दुसरीकडे, हे इंग्रजी अमदानीपासून चालत आलंय. नागपूर-हैदराबाद हायवेवरून गेला असाल तर आमच्या तालुक्यातून गेलाच आहात. नाहीतर अवनी वाघिणीच्या बातम्यांत पांढरकवड्याचं नाव वाचलं असेल. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. बाजारात वऱ्हाडी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा चार भाषा कानावर पडतात. आणि २०१७ चा तो पावसाळा यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचं विष अंगात जाऊन शेतकरी-मजूर दगावले तोच. केंद्रावरच्या रांगेत त्याच गोष्टी चालायच्या. मी हेडफोन लावून बसायचो.

आता त्या दोन ओळी. साधा स्विच म्हणजे वायरी जोडायची पेटी. कॉम्प्युटरची वायर खुपसायची, झालं. पण जरा महागातल्या, 'मॅनेज्ड' म्हणतात त्या स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला वेगळं वागायला सांगता येतं. चालू राहायचं की बंद, नाव काय, कोणत्या गटात मोडायचं. आणि त्यातच दोन सेटिंग अशी की ती सहसा कुणी हात लावून पाहत नाही: स्पीड आणि ड्युप्लेक्स. स्पीड म्हणजे वेग, १०, १०० की १००० मेगाबिट. ड्युप्लेक्स म्हणजे बोलण्याची रीत. 'फुल' असेल तर वायरीची दोन्ही टोकं एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतात. 'हाफ' असेल तर एका वेळी एकच टोक बोलणार, दुसऱ्याने गप्प बसायचं. तिसरा पर्याय 'ऑटो', म्हणजे तुम्हीच आपसात ठरवा.

एकाच वेळी बोलता येत असताना 'हाफ' मुळात ठेवलंच कशाला, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. त्याचं उत्तर हवाईत आहे.

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले. नाव ठेवलं अलोहानेट. सगळ्यांना मिळून एकच रेडिओ वाहिनी होती. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं वाया. मग उपाय काय, तर पोचल्याची पावती आली नाही की थोडा वेळ थांबा आणि पुन्हा बोला. किती थांबायचं ते प्रत्येकाने चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवायचं, म्हणजे दोघे पुन्हा एकदम तोंड उघडणार नाहीत. पद्धत भोळी होती. गणित मांडलं तर वाहिनीचा जेमतेम १८ टक्के वापर पदरात पडायचा. पण चालत होती.

अब्रॅमसन यांचा लेख बॉब मेटकाफ या तरुण इंजिनियरने वाचला. तो कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात कामाला होता. हो, तीच झेरॉक्स, जिच्या नावाने आपण सातबाऱ्याच्या प्रती काढतो. २२ मे १९७३ रोजी त्याने एक टिपण लिहिलं आणि त्यात 'इथरनेट' हा शब्द पहिल्यांदा वापरला. एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानायचे की प्रकाश 'ईथर' नावाच्या, सगळीकडे भरून राहिलेल्या, न दिसणाऱ्या पदार्थातून जातो. १८८७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात त्या ईथरचा मागमूस लागला नाही. जी वस्तू नाहीच असं निघालं तिचं नाव मेटकाफने आपल्या वायरीला दिलं. त्याचा जोडीदार डेव्हिड बॉग्ज. दोघांनी मिळून एक लांब जाड केबल टाकली आणि सगळे कॉम्प्युटर त्या एकाच केबलला चिकटवले.

अलोहाच्या रीतीत मेटकाफने घातलेली भर आपल्या चावडीवरची वाटावी अशी आहे. आधी ऐका, कुणी बोलत असेल तर गप्प बसा. शांतता असेल तर बोला. पण बोलतानाही कान उघडे ठेवा. दुसऱ्याने त्याच क्षणी सुरुवात केली असेल तर दोघांनीही थांबा, आपापल्या चिठ्ठीप्रमाणे वेळ घालवा, मग पुन्हा. पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मर्यादा दुप्पट. दहा मेगाबिटचं इथरनेट आलं तेव्हा हे नियम पक्के झाले: सोळा वेळा टक्कर झाली तर तो निरोप टाकून द्यायचा. आणि टक्कर व्हायचीच असेल तर निरोपाच्या पहिल्या ६४ बाइट्समध्ये झाली पाहिजे, कारण तेवढ्या वेळात केबलच्या दुसऱ्या टोकापर्यंत आवाज जाऊन परत येतो. त्यानंतर टक्कर झाली तर तिला 'लेट कोलिजन' म्हणतात. धडधाकट नेटवर्कमध्ये ती व्हायलाच नको. हा लेट कोलिजन लक्षात ठेवा, माझ्या गोष्टीत तो पुढे येतो.

तर हाफ ड्युप्लेक्स हा कमीपणा नव्हता. एकाच वायरीवर दहा जण असतील तर ती सभ्यता होती. तुम्ही हे वाचताय त्या फोनचं वायफायही अजून साधारण याच सभ्यतेने वागतं: आधी ऐकायचं, हवा मोकळी दिसली की बोलायचं. वरातीच्या गर्दीत व्हिडिओ का अडकतो, त्याचं एक कारण तेही.

१९८३ मध्ये आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने इथरनेटचं मानक मान्य केलं. त्याचा नंबर ८०२.३. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट सुरू झालं, त्यात मुंबईची एनसीएसटी, बंगळूरचं आयआयएससी आणि पाच आयआयटी. म्हणजे मुंबई-दिल्लीतल्या मोजक्या खोल्यांत कॉम्प्युटर एकमेकांना निरोप धाडत होते तेव्हा आमच्याकडे, बाबा सांगतात, नागपूरला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून बसावं लागे. कधी लागेल ते नशीब.

मग १९९० च्या सुमारास जी वस्तू आली तिच्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे. तोवर जाड केबल गेली होती, टेलिफोनसारख्या पिळाच्या वायरी आल्या होत्या. सगळ्या वायरी 'हब' नावाच्या पेटीत यायच्या. हब म्हणजे मात्र जुनीच चावडी, फक्त पेटीत कोंबलेली. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. सिलिकॉन व्हॅलीतल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टची एक नवी पेटी बाजारात आणली, 'इथरस्विच'. ही पेटी निरोपावरचा पत्ता वाचायची आणि ज्याचा निरोप त्याच्याच वायरीवर सोडायची. पोस्टमनच म्हणा. आज जगातल्या प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक डेटा सेंटरमध्ये जे स्विच आहेत त्यांची ती आजी.

त्या कंपनीचं नाव होतं कल्पना.

भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. नाव भारद्वाज यांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली आणि पेटीवरून ते नाव गेलं. आमच्या आळीत तीन कल्पना आहेत. त्यातल्या एका कल्पनाकाकू शिवणकाम करतात. त्यांना मी एकदा हे सांगितलं, तर म्हणाल्या, "मंग मले काऊन पैसे नाही येत त्याचे?"

स्विचमुळे चावडी मोडली. प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःची वायर, वायरीत जायची जोडी वेगळी, यायची वेगळी. टक्कर व्हायला समोर कुणी उरलंच नाही. मग थांबायचं कशाला? दोन्ही बाजूंनी एकदम बोलू द्या. हेच फुल ड्युप्लेक्स. १९९७ मध्ये ते मानकातही आलं. पण जुनी हब, जुनी कार्डं एका रात्रीत भंगारात जात नाहीत. वायरीच्या एका टोकाला नवा स्विच आणि दुसऱ्या टोकाला जुनं, एका वेळी एकच बोलणारं कार्ड, अशी लग्नं जागोजाग लागलेली. त्यात १९९५ मध्ये शंभर मेगाबिटचं इथरनेट मान्य झालं. आता रीतही दोन आणि वेगही दोन. कुणाशी कसं बोलायचं हे प्रत्येक वायरीगणिक माणसाने ठरवायचं म्हटलं तर वेड लागेल.

म्हणून त्याच मानकात 'ऑटो-निगोशिएशन' आलं. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीने 'एन-वे' नावाने ही युक्ती आधी मांडली होती. वायर जोडली की खरी माहिती जाण्याआधी दोन्ही टोकं बारीक ठोक्यांचे झटके एकमेकांना पाठवतात. त्या ठोक्यांत १६ बिटांचा एक शब्द दडलेला असतो: मला दहा येतं, शंभर येतं, हाफ येतं, फुलही येतं. समोरचाही आपली यादी सांगतो. दोघांच्या याद्यांत जे सगळ्यात चांगलं सामाईक असेल ते ठरतं.

आमच्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली सौदा चालतो तो पाहिलाय? दलाल आणि गिऱ्हाईक, दोघांचे हात रुमालाखाली. तोंडाने एक शब्द नाही. बोटं दाबून आकडा सांगायचा, बोटं दाबूनच उत्तर. रुमाल निघाला की भाव ठरलेला असतो. ऑटो-निगोशिएशन मला पहिल्यांदा समजलं ते त्या रुमालावरून.

आता समजा, एक हात रुमालाखाली आहे आणि दुसरा आलाच नाही. समोरचा माणूस उभा आहे, पण त्याचा भाव घरूनच ठरलाय आणि तो बोटं पुढे करणार नाही. पोर्टला 'स्पीड १००, ड्युप्लेक्स फुल' असं ठोकून बसवलं की तो बहुतेक स्विचमध्ये असाच वागतो. त्याचे ठोके बंद. तेव्हा ऑटोवर असलेल्या टोकाने काय करायचं? मानक सांगतं: वायरीवरच्या नुसत्या सिग्नलवरून वेग ओळखता येतो, तो ओळख. ड्युप्लेक्स मात्र सिग्नलवरून ओळखता येत नाही, म्हणून हाफ धर. समोर जुनं हब असू शकतं, उगाच मध्येच बोलून त्याची चावडी मोडू नकोस.

सभ्य निर्णय आहे. आणि सगळा घात तिथेच होतो. एक टोक फुल, ते वाटेल तेव्हा बोलणार. दुसरं टोक हाफ, ते बोलत असताना समोरून आवाज आला की त्याला वाटतं टक्कर झाली, ते अर्ध्यात थांबतं. फुल टोकाकडे अर्धवट तुटलेले निरोप येऊन पडतात. दिवा मात्र दोन्हीकडे हिरवा, कारण वायर जोडलेली आहे आणि वेगही जुळलाय. एकेक छोटा पिंग जातो आणि येतो, कारण तेव्हा दुसरं कुणी बोलत नसतं. गर्दी झाली, दोन्हीकडून माहिती वाहायला लागली, की गाडी रुतते. अजिबात चालत नसतं तर कुणीही शोधून काढलं असतं. हे थोडं थोडं चालतं.

१९९५ नंतरची दोन-तीन वर्षं खुद्द ऑटोच बेभरवशाचं होतं. मानकातली भाषा काही ठिकाणी सैल, त्यामुळे या कंपनीच्या कार्डाने एक अर्थ लावला आणि त्या कंपनीच्या स्विचने दुसरा. दोघे रुमालाखाली हात घालायचे आणि वेगवेगळे भाव घेऊन बाहेर यायचे. तेव्हाच्या जाणत्या इंजिनियरांनी त्यावर नियम काढला: महत्त्वाची वायर ऑटोवर सोडू नका, दोन्ही टोकं हाताने ठोकून बसवा. त्या वेळी तो नियम बरोबर होता, हे मुद्दाम सांगतो.

इथे मला आमच्या वऱ्हाडचा १८९७ चा कायदा आठवतो, कापूस आणि धान्याच्या बाजारांचा. त्याआधी प्रत्येक व्यापाऱ्याचं माप वेगळं, अडत वेगळी, तक्रारी वाढल्या तेव्हा बाजाराला लेखी नियम आले. इथरनेटचंही तसंच. भांडणं झाली, मग १९९८ च्या आवृत्तीत ऑटोची भाषा घट्ट केली. १९९९ मध्ये पिळाच्या वायरीवरचं गिगाबिट आलं, त्यात तर ऑटो सक्तीचंच केलं, कारण तिथे कोणाच्या घड्याळाच्या तालावर चालायचं हेही दोन टोकांना आधी ठरवावं लागतं. म्हणजे विसावं शतक संपायच्या आत आजार बरा झाला होता.

औषध मात्र चालूच राहिलं. माझे उस्ताद नागपुरात ऑफिसांची नेटवर्क जोडता जोडता शिकले, ते नेमके त्याच काळात. त्यांनी ऑटोने केलेला गोंधळ स्वतः निस्तरला होता, रात्री जागवून. कॉलेजात न शिकलेला आणि वायर नुसती हाताळून दोष सांगणारा माणूस. २०१४ मध्ये त्या केंद्रावरचा स्विच बसवताना त्यांनी मला सांगितलं, "पाय, कॉम्प्युटरचे पोर्ट राहू दे ऑटोवर. पण बाहेर जाणारी लाइन, चोवीस नंबर, ती ठोकून बसव. ऑटोचा भरोसा नाही." मी विचारलं, काऊन? ते म्हणाले, "अनुभव हाय म्हणून."

मी टाइप केलं. स्पीड १००. ड्युप्लेक्स फुल. पलीकडच्या पेटीतही तेच केलं. दोन्हीकडे सारखं, म्हणून तीन वर्षं काही झालं नाही.

दरम्यान देशात ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना चालू होती. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० मेगाबिट, असं ते स्वप्न. रस्त्याकडेला नळ्या पुरल्या जात होत्या. कागदांचं ऑनलाइन होणं मात्र नळ्यांसाठी थांबलं नव्हतं.

ऑगस्ट २०१७ च्या सुरुवातीला आमच्या केंद्रावरची बाहेरच्या लाइनची जुनी पेटी बदलली गेली. ज्यांची लाइन त्यांचा माणूस आला, नवी पेटी लावली, हिरवा दिवा पाहिला, सही घेतली आणि गेला. नवी पेटी ऑटोवर होती. तसं ठेवण्यात त्याची काही चूक नव्हती, मानक तेच सांगतं. आमच्या बाजूला कुणीतरी ठोकून बसवलंय हे त्याला कळायला कुठे लिहिलेलंच नव्हतं. मीही लिहिलं नव्हतं.

दोष मला सापडला तो माझ्या हुशारीने नाही. काका चौथ्यांदा परत गेले त्या संध्याकाळी लॅपटॉप स्विचला लावून मी उगाचच पोर्टांचे आकडे बघत बसलो होतो. काका जाताना काही बोलले नव्हते. काकूंनी पिशवी घडी करून पदराखाली धरली आणि दोघे पावसात स्टँडकडे गेले. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता, दोघांचा. मला घरी जावंसं वाटेना.

पोर्ट एकचे आकडे पाहिले. चुका शून्य. दोन, तीन, दहा, शून्य. चोवीस पाहिला आणि 'सीआरसी एरर'पुढे पाच आकडी संख्या. सीआरसी म्हणजे निरोपाच्या शेवटी जोडलेली बेरीज, ती जुळली नाही की निरोप तुटका. पहिल्यांदा वाटलं वायर खराब. वायर बदलली, आकडा शून्य केला, पिंग लावला. दहा मिनिटं शून्यच. मग तीन कॉम्प्युटरवरून मोठ्या फायली वर चढवायला घेतल्या आणि आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळायला लागला. फाइल थांबवली, मीटर थांबलं. पुन्हा सुरू, पुन्हा पळाला. मग पलीकडच्या पेटीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: १००, हाफ. आणि खाली, लेट कोलिजन.

पॉलिटेक्निकच्या पुस्तकात हे होतं. मी त्यावर पाच मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं, टीप द्या म्हणून.

स्पीड ऑटो. ड्युप्लेक्स ऑटो. एंटर मारल्यावर चोवीसचा दिवा विझला, केशरी झाला आणि अर्धा मिनिट केशरीच राहिला. त्या अर्ध्या मिनिटालाही इतिहास आहे. रेडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ बाईंनी १९८५ मध्ये शोधलेल्या रीतीप्रमाणे स्विच आधी पंधरा सेकंद ऐकतो आणि पंधरा सेकंद शिकतो, वायरींचं वर्तुळ होऊन निरोप गरगरत राहू नयेत म्हणून. एरवी मी त्या तीस सेकंदांना शिव्या देतो. त्या रात्री बसून राहिलो. मग हिरवा. स्विचने लिहिलं: ए-फुल, ए-१००. ए म्हणजे ऑटोने ठरलेलं. मघाचीच फाइल पुन्हा चढवली, काही सेकंदांत गेली.

उस्तादांना फोन केला. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आमच्या टायमाले तसंच करा लागे रे." मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले पेटी बदलून?" पावतीवरची तारीख मी आधीच पाहिली होती. एक्केचाळीस.

दुसऱ्या दिवशी रांग सरकली. सर्व्हर खरोखर बसला असेल तेव्हा थांबायची, पण सरकायची. ऑपरेटर खूश. त्याने विचारलं, काय केलं? मी म्हटलं, सेटिंग होतं एक. कोणाचं, ते बोललो नाही. एक्केचाळीस दिवसांत किती लोक 'सर्व्हर डाउन' ऐकून परत गेले असतील याचा हिशेब स्विचमध्ये नसतो. तो फक्त तुटलेले निरोप मोजतो.

काका मला पुढच्याच आठवड्यात दिसले, घटस्थापनेनंतर दोन दिवसांनी, केळापूरला जगदंबेच्या दर्शनाच्या रांगेत. मी दोन माणसं मागे होतो. ओळख त्यांनीच दाखवली.

"भरला बापू फॉर्म. वणीले भाचा राह्यते, तिकडं जाऊन भरला. दोघायचं जायचं-यायचं भाडं, दोन दिवस गेले, पण भरला."

"बरं झालं काका."

"तुमचं बी सर्व्हर सुधरलं म्हणते आता?"

"हो काका."

रांग पुढे गेली. तेव्हा सांगता आलं असतं. पुढे त्यांना कर्जमाफी मिळाली की नाही, हेही मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर मी एक करायला लागलो. प्रत्येक पोर्टच्या सेटिंगमध्ये 'डिस्क्रिप्शन' नावाची एक रिकामी जागा असते, मोकळा मजकूर लिहायला. बहुतेक जण ती रिकामीच ठेवतात. त्या केंद्रावरच्या चोवीस नंबरला मी लिहून ठेवलं. देवनागरी तिथे चालत नाही, म्हणून रोमन अक्षरांत मराठी: ऑटोच ठेवा, बदलायच्या आधी फोन करा. पुढे माझा नंबर.

२०२१ मध्ये एका दुपारी फोन आला. आवाज कोवळा, विशीतला. ठेकेदार बदलला होता, त्याच्याकडचा नवा मुलगा.

"दादा, पांढरकवड्याकडून बोलतो. इथं चोवीस नंबरवर तुमचा नंबर लिहून हाय. हा पोर्ट ऑटोवर काऊन सोडला? आमच्या सरांनी सांगितलं, अपलिंक नेहमी ठोकून बसवायची."

"तुझ्या सरांनी कारण सांगितलं का?"

"नाही जी. अनुभव हाय म्हणे."

मी गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली. विचारलं, "दहा मिनिटं आहेत का तुझ्याकडे? आणि बैलबाजार पाहिलाय का कधी?"